अर्कामुळे बायोफिल्म घटली, पण घटलं ते नक्की काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कडुनिंबाच्या पानांचा मिथेनॉलमधला अर्क तुम्ही स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूवर तपासला. एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान मात्रा, आली ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. त्याच्या निम्म्या मात्रेला, म्हणजे २.५ मिलिग्रॅमला, ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने मोजलेली बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून राहणारा जिवाणूंचा थर, ८० टक्क्यांनी कमी दिसली. आधीच तयार झालेल्या बायोफिल्मवर तोच अर्क घातला तर जेमतेम फरक पडला. वर दुसऱ्यांदा लावलेल्या प्लेटमध्ये ८०चे ५५ झाले. आता या अर्काला बायोफिल्मरोधी म्हणावं का, आणि पुढे काय करावं, हे तुम्हाला हवं आहे.

थोडक्यात सांगायचं तर अजून म्हणू नका, पण काम सोडूही नका. तुमच्या तीन आकड्यांपैकी ८० हा मला सर्वात कमी महत्त्वाचा वाटतो. जुन्या बायोफिल्मवर फरक न पडणं आणि दोन प्लेट न जुळणं यांतच जास्त माहिती दडलेली आहे.

क्रिस्टल व्हायोलेट नेमकं काय मोजतं ते आधी पाहू. हा रंग जिवंत पेशींना लागतो, मेलेल्यांना लागतो आणि पेशींभोवतीच्या चिकट आवरणातल्या ऋणभारित रेणूंनाही लागतो. म्हणजे धुतल्यानंतर प्लेटला जे काही चिकटून राहिलं त्याची ती एकत्रित बेरीज. घरं मोजून गावात माणसं किती राहतात हे सांगण्यासारखं आहे ते. रिकामी घरंही त्यात मोजली जातात. ही पद्धत वाईट नाही. मी रोज वापरते, आणि शेकडो नमुने चाळायला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण रंग कमी दिसला याला किमान चार कारणं असू शकतात: जिवाणू मेले किंवा नीट वाढलेच नाहीत, वाढले पण चिकटले नाहीत, चिकटले पण धुताना निघून गेले, किंवा बायोफिल्म होती तशीच आहे आणि अर्कानेच मोजणीत गडबड केली. तुम्हाला हवा आहे तो दुसरा प्रकार, आणि बाकीचे तीन बाजूला काढल्याशिवाय तो सिद्ध होत नाही.

पहिला संशय वाढीवर घ्या. २.५ मिलिग्रॅम ही एमआयसीच्या निम्मी मात्रा आहे. एमआयसी म्हणजे वाढ डोळ्यांना दिसेनाशी होते ती मात्रा. तिच्या निम्म्याला वाढ पूर्ववत असेल असं कुठेही लिहिलेलं नाही. बऱ्याचदा तिथे वाढ उशिरा सुरू होते, आणि २४ तासांची बायोफिल्म म्हणून आपण मोजतो ती प्रत्यक्षात १४-१५ तासांची असते. म्हणून त्याच माध्यमात, त्याच प्लेटमध्ये, दर दोन तासांनी वाढ मोजा. इथे अडचण अशी की पानांचा अर्क हिरवा असतो, माध्यमात गेला की गढूळ होतो आणि गढूळपणावरून वाढ मोजणारं ६०० नॅनोमीटरचं रीडिंग निरर्थक ठरतं. मग सरळ डायल्यूशन करून प्लेटिंग करा, म्हणजे पातळ केलेला नमुना आगरवर पसरा, आणि वसाहती मोजा. वेळ खाणारं काम आहे, पण याला पळवाट नाही. ज्या मात्रेला वसाहतींची संख्या कंट्रोलइतकीच (अर्क न घातलेल्या वेलइतकीच) आहे आणि तरीही बायोफिल्म घटली आहे, ती मात्रा तुमच्या कामाची. ती बहुधा २.५च्या खाली असेल. १.२५ किंवा ०.६ला परिणाम ८०ऐवजी ३० टक्केच दिसला तरी तो ३० टक्क्यांचा परिणाम मला जास्त पटेल.

आता डीएमएसओचा, म्हणजे अर्क विरघळवायच्या द्रवाचा, हिशेब करू, कारण तुम्ही तो लिहिलेला नाही. मिथेनॉल उडवून उरलेला अर्क तुम्ही डीएमएसओत विरघळवला असणार. तुमचा स्टॉक, म्हणजे मूळ दाट द्रावण, १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर ५ मिलिग्रॅमच्या वेलमध्ये डीएमएसओ ५ टक्के होतो आणि २.५च्या वेलमध्ये अडीच टक्के. डीएमएसओ १ टक्क्यावर ठेवायचा तर ५ मिलिग्रॅमसाठी ५०० मिलिग्रॅमचा स्टॉक लागेल. पानांच्या कच्च्या अर्काचा असा स्टॉक म्हणजे चिकट लगदा, तो पिपेटमध्येही धड येत नाही. अडीच-पाच टक्के डीएमएसओ स्वतःच वाढीवर आणि चिकटण्यावर परिणाम करू शकतो. त्यामुळे प्रत्येक मात्रेसाठी तेवढ्याच डीएमएसओचा वेगळा कंट्रोल हवा. सगळ्यांसाठी एकच ‘सॉल्व्हंट कंट्रोल’ चालत नाही. जोडीला माध्यमाचा पीएचही पाहा. कच्चे अर्क अनेकदा आम्लधर्मी असतात, आणि मिलिग्रॅमच्या मात्रेत ते पीएच इतका हलवतात की परिणाम वनस्पतीचा की आम्लाचा हे कळेनासं होतं.

याच ओघात मात्रेबद्दल स्पष्ट बोलते. अर्कांच्या जिवाणूरोधी चाचण्यांसाठी रिओस आणि रेसिओ यांनी २००५मध्ये सुचवलेली ढोबळ मर्यादा अशी: कच्चा अर्क १ मिलिग्रॅमच्या वर लागत असेल तर त्याच्या नादी लागू नये, आणि १०० मायक्रोग्रॅमच्या खाली काम करत असेल तर तो लक्ष देण्याजोगा. या मोजपट्टीवर तुमची ५ मिलिग्रॅमची एमआयसी म्हणजे अर्क जिवाणू मारण्यात कमजोर. पण बायोफिल्मच्या बाबतीत मी हा नियम थोडा सैल धरते. कच्च्या अर्कात क्रियाशील घटक एक टक्का असेल तर २.५ मिलिग्रॅममध्ये तो २५ मायक्रोग्रॅमच आहे, आणि २५ मायक्रोग्रॅम ही काही वाईट मात्रा नव्हे. तसा घटक खरंच आहे का, हे अर्काचे भाग पाडल्यावरच कळतं. हेक्झेन, एथिल अॅसिटेट, ब्युटॅनॉल आणि पाणी असे चार भाग करून परत तपासा. परिणाम एका भागात एकवटला आणि मात्रा खाली आली तर पुढे जायला अर्थ आहे. चारही भागांत थोडा-थोडा पसरला, तर बहुधा तुम्ही टॅनिन आणि इतर पॉलिफिनॉलांचा सर्वसाधारण चिकटपणा मोजत आहात.

टॅनिन हा या सगळ्या क्षेत्रातला छुपा खेळाडू. ते प्रथिनांना धरतात, प्लेटच्या पॉलिस्टायरिन प्लास्टिकवर थर देतात आणि मग जिवाणूंना बसायला जागा उरत नाही. तपासायची सोपी युक्ती आहे. रिकाम्या वेलमध्ये अर्क तासभर ठेवा, ओतून टाका, दोनदा धुवा आणि मग त्यात साधं माध्यम आणि जिवाणू घाला. बायोफिल्म तरीही कमी आली, तर परिणाम जिवाणूंवर नसून पृष्ठभागावर आहे. याचं वाईट वाटून घेऊ नका. कॅथेटरसारख्या वस्तूवर थर द्यायचा असेल तर हाच गुण हवा असतो. फक्त त्याला जनुकांवरचा परिणाम म्हणू नका.

दोन प्लेट जुळल्या नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा धुण्यात असतं. स्युडोमोनास न हलवता वाढवला की तो वेलच्या तळाशी फारसा बसत नाही. हवा आणि द्रव जिथे भेटतात तिथे, भिंतीवर, जांभळं कडं तयार होतं. प्लेट तिरकी धरून उजेडात पाहिलीत तर रंगवल्यानंतर ते कडं स्वच्छ दिसेल, आणि कुठल्या वेलमध्ये ते अर्धवट तुटलंय हेही दिसेल. म्हणूनच ओटूल यांच्या प्रचलित पद्धतीत कल्चर १०० मायक्रोलिटर असतं, पण ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट १२५ मायक्रोलिटर आणि रंग सोडवायचं ३० टक्के अॅसिटिक अॅसिडही १२५ मायक्रोलिटर. रंग आणि अॅसिड त्या कड्याच्या वरपर्यंत पोचलं पाहिजे. कल्चर २०० आणि रंगही २०० घेतलात तर थोडं बाष्पीभवन, थोडा हात हलणं, एवढ्यानेच निम्मं कडं मोजणीतून सुटतं. धुताना पिपेटचा झोत मारू नका. प्लेट उलटी करून झटका, मग पाण्याच्या ट्रेमध्ये हळूच बुडवा, पुन्हा झटका. कडेच्या वेलमधून पाणी जास्त उडतं, तिथे फक्त माध्यम भरा आणि नमुने आतल्या ६० वेलमध्ये लावा. पुढे स्टॅफिलोकॉकसवर काम कराल तर तो तळाशी सैल बसतो. रंगवण्याआधी प्लेट ६० अंशांवर तासभर ठेवून पक्की करा, नाहीतर निम्मं काम सिंकमध्ये जाईल.

तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. एकाच दिवशी, एकाच कल्चरमधून भरलेले तीन वेल फक्त तुमचा हात किती स्थिर आहे ते सांगतात. वेगळ्या वसाहतीपासून, वेगळ्या दिवशी, आणि शक्यतो वेगळ्यांदा काढलेल्या अर्कासह प्रयोग परत केलात की मग सरासरीला अर्थ येतो. ८० आणि ५५ हे दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि मग तुमचा निष्कर्ष त्या दोन्हींना सामावणारा हवा.

आता जुन्या बायोफिल्मचं. तिथे फरक पडला नाही म्हणून तुम्ही नाराज दिसता, पण मला तो निकाल अपेक्षितच होता. बायोफिल्ममधले जिवाणू त्याच जातीच्या मोकळ्या जिवाणूंपेक्षा १० ते १००० पट जास्त मात्रा सोसतात असं सर्रास सांगितलं जातं. त्याची कारणं अनेक आहेत: शर्करा, प्रथिनं आणि पेशीबाहेरचा डीएनए यांचं आवरण काही रेणूंना वाटेतच अडवतं, आतल्या पेशी अन्न आणि ऑक्सिजनच्या टंचाईत सुस्तावलेल्या असतात, आणि थोड्या पेशी अशा असतात ज्या काही न करता नुसत्या तग धरून बसतात. बायोफिल्म तयार होऊ न देणं आणि तयार झालेली उखडणं हे दोन वेगळे दावे आहेत. पहिला जमला म्हणून दुसरा जमेलच असं नाही.

मात्र इथे एक गंमत आहे. जुन्या बायोफिल्मवर क्रिस्टल व्हायोलेटचं रीडिंग तसंच राहिलं याचा अर्थ अर्काने काहीच केलं नाही असा होत नाही. आतल्या पेशी मेल्या असतील आणि त्यांचे सांगाडे आवरणासकट तिथेच रंग धरून बसले असतील. म्हणून धुतलेली बायोफिल्म खरवडून किंवा सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी सुटी करून) जिवंत पेशींच्या वसाहती मोजा. त्याआधी अर्क नीट धुऊन काढा, नाहीतर तो प्लेटिंगच्या थेंबाबरोबर आगरवर जातो आणि वसाहती तिथेच दाबतो. घाईत लोक एक्सटीटी किंवा रेझाझुरिन हे जिवंत पेशींमुळे बदलणारे रंग वापरतात. मोकळ्या पेशींवर साधी औषधं तपासायला ते ठीक, पण पॉलिफिनॉलांनी भरलेला अर्क हे रंग पेशींशिवायच बदलू शकतो. त्यामुळे मेलेली बायोफिल्म जिवंत भासते. वापरायचेच असतील तर पेशी नसलेला, फक्त अर्क असलेला वेल सोबत ठेवा. तोही रंगला, तर त्या चाचणीचा निकाल बाजूला ठेवा.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी ‘कोरम सेन्सिंग’चा, म्हणजे जिवाणूंच्या रासायनिक संदेशांच्या देवाणघेवाणीचा, उल्लेख आहे. हा शब्द शोधनिबंधांत जितक्या सहज येतो तितका तो सिद्ध करणं सोपं नाही. नेहमीची पहिली चाचणी क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम या जिवाणूवर करतात. त्याचा जांभळा रंग जिवाणूंच्या आपसातल्या संदेशांवर अवलंबून असतो. अर्काच्या चकतीभोवती काय दिसतं ते नीट पाहा. वलय काचेसारखं स्वच्छ असेल तर जिवाणू मेलेत. पांढुरकं, दुधाळ, पण जांभळेपणा नसलेलं असेल तर जिवाणू वाढलेत आणि फक्त रंग थांबलाय. आपल्याला हवं ते हे. त्या पांढुरक्या पट्ट्यातून लूप फिरवून वसाहती येतात का बघा. हे जमलं तरी तो केवळ इशारा आहे. स्युडोमोनासची संदेशयंत्रणा वेगळी आणि बरीच गुंतागुंतीची आहे, तिथे स्वतंत्र पुरावा लागतो.

आणि यंत्रणा सापडली तरी उपचार सापडला असं होत नाही. लसणाचं उदाहरण मी नेहमी देते. लसणाचा अर्क स्युडोमोनासची कोरम सेन्सिंग अडवतो, बायोफिल्म त्यामुळे प्रतिजैविकाला बळी पडते, हे २००५च्या सुमारास प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसलं. २०१२मध्ये त्यातला अजोईन हा गंधकयुक्त घटक त्यामागे असल्याचं दाखवलं गेलं. मधल्या काळात, २०१०मध्ये, सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांच्या आनुवंशिक आजाराच्या २६ रुग्णांवर लसणाची छोटी चाचणी झाली आणि तिच्यात ठोस फायदा हाती लागला नाही. चाचणी लहान होती, मान्य. पण प्लेटमधून माणसापर्यंतचं अंतर किती आहे ते त्यातून कळतं.

उलट दिशेचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी अर्कांवर विश्वासच ठेवत नाही. क्रॅनबेरीतले ए-प्रकारचे प्रोअँथोसायनिडिन (टॅनिनच्या गटातले रेणू) ई. कोलाय या जिवाणूला मूत्रमार्गाच्या पेशींना चिकटू देत नाहीत, आणि अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२३च्या कॉक्रेन आढाव्याने वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये आणि मुलांमध्ये त्याचा उपयोग मान्य केला. लक्षात घ्या, तोही संसर्ग टाळण्यासाठी. झालेला बरा करण्यासाठी नव्हे. रुबस उल्मिफोलियस या रानटी ब्लॅकबेरीच्या मुळांमधल्या एलाजिक अॅसिडयुक्त भागावर कॅसांड्रा क्वेव्ह यांच्या गटाने २०१२मध्ये केलेलं काम जरूर वाचा. त्यांनी कच्च्या अर्कावर न थांबता भाग पाडले, तो भाग स्टॅफिलोकॉकस ऑरियसची बायोफिल्म रोखतो हे दाखवलं आणि मग प्रतिजैविकांचा परिणाम वाढतो का तेही तपासलं. तुमच्या कामाला हाच सांगाडा लागू पडेल.

माझा माग काढायचा क्रम एका दमात सांगते: आधी डीएमएसओ, पीएच आणि जिवाणूविरहित अर्काचे कंट्रोल, मग वाढीचा आलेख आणि वाढीला धक्का न लावणारी मात्रा, मग पृष्ठभागाची चाचणी, मग वसाहती मोजून जुनी बायोफिल्म, आणि हे सगळं टिकलं तरच अर्काचे भाग. सूक्ष्मदर्शकाची चित्रं शेवटी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुना सुकवताना आवरण आक्रसतं, म्हणून देखण्या चित्रावरून जाडी सांगू नका. जाडी हवी तर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथून ठरवू शकत नाही. तुमचा स्ट्रेन (जिवाणूचा उपप्रकार) कोणता हे तुम्ही लिहिलेलं नाही. पीएओ१ या स्ट्रेनची बायोफिल्म मुख्यतः पीएसएल या शर्करेवर उभी असते, तर पीए१४ ती बनवतच नाही आणि पेल या दुसऱ्या शर्करेवर भिस्त ठेवतो. एकावर चालणारा अर्क दुसऱ्यावर हात टेकू शकतो. किमान एक प्रमाणित स्ट्रेन आणि एखाद-दोन रुग्णांकडून आलेले, असे दोन्ही घ्या. पानं कोवळी की जून, कोणत्या महिन्यात तोडली, सावलीत वाळवली की ओव्हनमध्ये, यानेही घटक बदलतात. म्हणून झाडाचा नमुना वनस्पतिसंग्रहालयात जमा करून त्याचा क्रमांक घ्या, आणि अर्काचा एचपीएलसी आलेख, म्हणजे त्यातले घटक वेगळे करून दाखवणारा आलेख, ठेवा. दुसऱ्या खेपेच्या अर्काचा आलेख पहिल्यावर ठेवून पाहिलात, तर ८० आणि ५५मधल्या फरकाचा एक भाग कदाचित तिथेच सापडेल.

प्रतिजैविकाबरोबर जोड लावायचा विचार असेल तर तो उत्तम. कित्येक वनस्पतींत हे काम निसर्गतःच चालतं: बर्बेरिस जातीत बर्बेरिन असतं आणि जिवाणूचा ते बाहेर फेकणारा पंप अडवणारा ५’-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन हा दुसरा रेणूही असतो, हे २०००मध्ये दाखवलं गेलं. दुसरा रेणू एकटा जिवाणूंना फारसं काही करत नाही. म्हणून भाग पाडल्यावर परिणाम अचानक नाहीसा झाला तर घाबरू नका, भाग परत एकत्र करून पाहा. चेकरबोर्ड करताना, म्हणजे दोन्हींच्या मात्रा वेगवेगळ्या जोडीत तपासताना, जोडीचा परिणाम सांगणारा एफआयसी निर्देशांक ०.५ किंवा कमी असेल तरच ‘सिनर्जी’, म्हणजे एकमेकांना वाढवणारा परिणाम, लिहा. बायोफिल्म सुटी करणारा अर्क मिळालाच तर तो प्रतिजैविकाशिवाय वापरायचा विचार नको. सुटे झालेले जिवाणू शरीरात दुसरीकडे जाऊन बसू शकतात. आणि मिलिग्रॅमच्या मात्रा मानवी पेशींनाही झेपतात का, हे केराटिनोसाइट (त्वचेच्या पेशी) आणि रक्तपेशींवर तपासल्याशिवाय जखमेचं नाव शीर्षकात घालू नका.

सध्या निबंधाचं शीर्षक ‘सुरुवातीच्या चिकटण्यावरील परिणाम’ एवढ्यापुरतं ठेवा. पुढची प्लेट लावाल तेव्हा फक्त अर्क असलेल्या वेलचं रंगवल्यानंतरचं रीडिंग आणि प्रत्येक मात्रेच्या डीएमएसओ कंट्रोलचं रीडिंग इथे लिहा. स्ट्रेन आणि कल्चरचं आकारमानही लिहा. तेवढ्यावरून ८०तले किती अर्काचे आणि किती प्लेटचे, हे बऱ्यापैकी सांगता येईल.